आईला उचलण्याआधी

आमच्या घरातून अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत. घर बांधताना मीच गवंड्याला म्हटलं होतं, जोतं उंच घे, रस्त्यावरचं पाणी आत यायला नको. पाणी कधी आलं नाही. पण आईला लकवा झाला, तिचं डावं अंग गेलं, आणि त्या तीन पायऱ्या घरातली सगळ्यात अवघड जागा होऊन बसल्या.

आईला सकाळचं ऊन लागतं. जन्मभर मेंढरांमागे रानात राहिलेली बाई. छताखाली उजाडलं तर तिला उजाडल्यासारखंच वाटत नाही. म्हणून वडील रोज सकाळी तिला बाजेवरून उचलत, उंबरा ओलांडत, पायऱ्या उतरत आणि अंगणातल्या खुर्चीत बसवत. तासाभराने परत आत. चाकाची खुर्ची आणली होती, ती न्हाणीच्या दारात अडकली. पायऱ्यांवर उतार बांधावा म्हटलं, तर अंगण एवढंसं की त्याची घसरगुंडी झाली असती. कामाला बाई लावून पाहिली. आईने तिला दोन दिवस अंगाला हात लावू दिला नाही, तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, तिला वजन उचलायला मनाई. राहिलो मी.

मी औरादच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. तेव्हा वय अठ्ठेचाळीस होतं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी राखली. मी उदगीरला बी.एस्सी. करत होतो त्या वर्षांत आमचा कळप लहान लहान होत गेला, आणि मला नोकरी लागली तोवर संपला. शिक्षणाने मला काय दिलं हे मी कुणालाही तासभर सांगू शकतो, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा असेल. पण हेही खरं, की वीस-बावीस वर्षांत मला खडूच्या डब्याहून जड काही उचलावं लागलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास एक दिवस वडिलांनी तांब्यातलं पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी त्यांना बिदरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा तर पिकत आलेला. डॉक्टर म्हणाले, फार लांबवू नका, जास्त पिकला की काढणं अवघड होतं.

वडिलांनी एकच विचारलं, "मग किती दिवस गप बसावं लागतंय?"

"महिनाभर तरी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही."

वडील उठलेच. "बघू. सुगी झाल्यावर."

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "अप्पा, आपली कुठली सुगी? आपल्याला शेत तरी हाय का?"

ते खिडकीबाहेर बघत होते. काय दिसत होतं कोण जाणे. म्हणाले, "कुणाची तरी असंलच की."

मला काही उमगलं नाही. आईने उलगडून सांगितलं. तिचं बोलणं एका बाजूने ओढल्यासारखं येतं, पण येतं नेमकं. "त्यो डोळे घालवून बसंल, पर मला खाली ठिवायचा न्हाई. तू उचलायलास म्हनून बघितल्याबिगर त्यो जात नसतोय."

"मग मी उचलतो की."

"उचल," आई म्हणाली.

मी बाजेजवळ गेलो, कमरेतून वाकलो, दोन्ही हात लांब करून तिच्या पाठीखाली आणि मांड्यांखाली घातले आणि ओढलं. ती वीतभर वर आली. तेवढ्यात कमरेत अशी काही उसण भरली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात सुटले. वडील मागे उभे होते, त्यांनी एका हाताने आईची मान आणि एका हाताने माझा दंड धरला. आई बाजेवर पडली आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसायला लागली.

"तुझं पोट मधी आलं, लेका. हातच पोचंनात माझ्यापतूर."

आठ दिवस मी आडवा होतो. त्या आठ दिवसांत मला पडल्या पडल्या एक गोष्ट दिसली. वडील आईला घेऊन पायऱ्या उतरायचे तेव्हा खाली बघायचे नाहीत. पाऊल पुढे टाकून टाचेने दगडाची कड चाचपायचे, मग भार टाकायचे. एक. चाचपणं. दोन. पंच्याहत्तर उलटलेला माणूस बायकोला उरावर घेऊन आंधळ्यासारखा उतरत होता, आणि मी दोन वर्षं त्याच वेळी त्याच ओट्यावर बसून पेपर वाचत होतो. एक पाऊल चुकलं असतं तर दोघंही गेली असती. आता ते चुकण्याआधी मला उभं राहायचं होतं.

आधी वजन. आमच्या ओळखीच्या आडत दुकानात धान्याचा मोठा काटा आहे, त्यावर जाऊन उभा राहिलो. चौऱ्याण्णव. तिथला हमाल तुरीचे कट्टे रचत होता, एक कट्टा पन्नास किलोचा. तो म्हणाला, "सर, दोन कट्ट्याला थोडं कमी. तेवढं भरून घ्या, हिशेब सोपा जाईल."

मी मनापासून कामाला लागलो आणि मनापासूनच चुकलो. आमच्याकडे माणसाला शरीराचं काही करायचं ठरलं की तो आधी उपास धरतो. मी सोमवार धरला महादेवाचा, गुरुवार धरला गाणगापूरच्या दत्ताचा आणि रविवार बिरप्पाचा, कारण तो आमचा कुळदेव. दोघांना दिला आणि त्याला नाही, असं बरं दिसलं नसतं. आठवड्यातले तीन दिवस देवांचे झाले. आता उपास म्हणजे साबुदाणा, साबुदाण्यात दाण्याचं कूट, वर तुपातला बटाटा, संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू. उरलेल्या चार दिवशी भाकरी बंद, नुसती काकडी. शिवाय पहाटे शाळेच्या मैदानावर पळायचं आणि मोबाइलवर बघून उड्या मारायच्या. तो मोबाइलमधला पोरगा पंचविशीतला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

बाराव्या दिवशी उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. पंधराव्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढताना चक्कर आली. लंगडत आडत दुकानात गेलो तर काटा चौऱ्याण्णवच्या पुढे अर्धा किलो सरकलेला. हमालाने तोंड फिरवून हसू दाबलं. तेच जास्त लागलं.

बिदरच्या हाडांच्या डॉक्टरांनी माझा गुडघा हातात घेऊन वाकवला, सरळ केला, आणि मी काय काय केलं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. साबुदाण्यापाशी ते हसले.

"मास्टर साब, तीन भगवान मिलके भी तुमारा वजन नै उतारे, तो समझो कुछ गडबड है. ये उपास नक्को. भागना नक्को. कूदना तो बिल्कुल नक्को. चलो. आहिस्ता चलो."

"कितना आहिस्ता?"

"किसी बूढे के साथ चलो."

घरी मी हे हसत सांगितलं. वडील हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला उन्हात बसवून झाल्यावर त्यांनी काठी घेतली आणि दारात उभं राहून म्हणाले, "चल."

औरादच्या बाहेर माळ आहे, तिथून आमच्या मूळ गावाची वाट जाते. त्या वाटेवर वडील पुढे, मी मागे. पहिल्या दिवशी मला फार अवघडल्यासारखं झालं, कारण ते इतके हळू चालत होते की ओळखीचे लोक गाडी थांबवून विचारत, "सर, काय झालं?" मी पुढे जायला लागलो की ते काठी आडवी धरायचे.

"कुठं जायलास?"

"अप्पा, घाम तरी यायला पाहिजे की."

"कळप चालवताना म्होरच्या मेंढीला बघून चालत नसतेत," वडील म्हणाले. "गाभण आसतीय, लंगडी आसतीय, ती किती चालायलीय ते बघून बाकीचे चालवायचे. तुझा गुडघा लंगडा हाय. आज त्याच्या चालीनं चाल."

आम्ही त्याच्या चालीने चाललो. दोन फर्लांग जाऊन परत. आठवड्याने थोडं पुढे. महिन्याने माळाच्या टोकाच्या बाभळीपर्यंत. वडिलांना डोळ्यांनी बाभूळ दिसत नव्हती, पण ती आली की ते थांबायचे. तिथे ते उकिडवे बसायचे, तळपाय पूर्ण टेकवून, आणि मला बसायला लावायचे. मला बसता येत नव्हतं. टाचा उचलल्या जायच्या, मागे कलंडायचो. त्यांनी काठी माझ्यापुढे जमिनीत रोवली. "हिला धर. जेवढं जातंय तेवढंच जा. दुखलं की ऊठ." पहिल्या दिवशी मी खुर्चीएवढंसुद्धा खाली गेलो नाही. ते शेजारी बसून माती चाळत होते, जणू मी काहीतरी अगदी बरोबर करतो आहे.

भाकरी परत आली. दुपारी दीड, रात्री एक, सोबत पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी, मटकीची उसळ, ताक. चहातली साखर गेली. सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मिरचीभजी येत, मी ती बघत बसे. बायको म्हणायची, "अहो, एक खाल्लं म्हणून बिरप्पा कोपत न्हाई." मी एक खायचो. काटा उतरत होता, पण एवढा हळू की हमालाला खात्री पटत नव्हती. मधे एकदा बस सुटते आहे म्हणून मी धावलो आणि पोटरी धरली, तेव्हा चार दिवस वडिलांनी चालणंच बंद केलं. सकाळी काठीच उचलली नाही. त्यांच्या शिकवण्यात शिक्षा एवढीच होती.

पौष सरता सरता एक दिवस ते बाभळीपाशी न थांबता पुढे गेले. गावाकडे माझा चुलतभाऊ अजून मेंढरं राखतो. त्याचा वाडगा, म्हणजे काट्यांच्या कुंपणातली मेंढरांची जागा, ज्वारी काढलेल्या एका शेतात होता. वडिलांनी त्याच्याकडून एक कोकरू मागून घेतलं आणि माझ्यापुढे सोडलं.

"उचल."

मी वाकलो. काठी माझ्या पाठीवर हलकेच पडली.

"वाकू नको. मेंढीपशी खाली बस. आता हात लाव. आन थांब."

"कशाला?"

"तिला कळू दे, की तू उचलणार हायेस. न सांगता उचललं की ती झटका देती, झटका दिला की तुझी कंबर जाती. हां. आता पोटाशी घे. एकदम पोटाशी, फट ठिवू नको. आता पायानं ऊठ. हातानं न्हाई, पायानं. आन दम कामून धरलास? दम सोड. वळायचं आसंल तर कंबर वळवू नको, पावलं वळव."

मी कोकरू घेऊन उभा राहिलो. उभा राहिलो आणि तसाच राहिलो. दरवर्षी नववीला मी तरफेचा धडा शिकवतो. फळ्यावर टेकू काढतो, भार काढतो, आणि सांगतो की भार टेकूच्या जितका जवळ, तितकं बल कमी लागतं. तेच गणित मी वीस वर्षं खडूने सोडवत आलो होतो, आणि आईवर हात लांब करून वाकलो होतो. इथे अंगठा उठवणारा हा माणूस तेच मला काठीच्या टोकाने शिकवत होता. मला लाज वाटली असं म्हणेन, पण ती लाज फार थोडा वेळ टिकली. तिच्या जागी जे आलं त्याला मी थक्क होणं म्हणतो, त्याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. लोकर कातरण्याआधी मेंढरं ओढ्यात धुवून काढतात. वडील तरुणपणी एका दिवसात शंभर-सव्वाशे मेंढ्या उचलून पाण्यात घालत आणि बाहेर काढत, हे मी लहानपणी काठावर बसून पाहिलं होतं. त्यांची कंबर कधी धरली नाही. ते नशीब आहे असं मी समजत होतो. ती विद्या होती.

मग रोज वाडग्यावर. कोकरू, मग वर्षाची मेंढी, मग मोठी. पहिल्या मोठ्या मेंढीने मला लाथ घालून आडवं केलं; चष्मा लेंड्यांत सापडला. दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून जाताना थांबला.

"सर, मेंढी विकत घ्यायलात का?"

"न्हाई रे."

"मग?"

मी हातातली मेंढी खाली ठेवली. वडिलांनीच सांगितलं, "परीक्षा हाय त्याची. जा तू, कापी करू नको."

शिवरात्रीनंतर काटा त्र्याऐंशीवर आला. हमालाने तो दोनदा हलवून पाहिला. मला मात्र आता काट्याचं तेवढं राहिलं नव्हतं. मी उकिडवा बसू शकत होतो, तळपाय टेकवून, काठीशिवाय, आणि बसून पुन्हा उठू शकत होतो. पहिल्यांदा उभं राहिलेल्या मुलासारखं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी त्याचं अप्रूप करत होतो. माझ्याच मांड्या, माझेच गुडघे, आणि इतकी वर्षं मी त्यांना ओळखत नव्हतो.

एका सकाळी वडील बाजेजवळ गेले नाहीत. ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "म्हातारे, आज मास्तर येतोय."

आई म्हणाली, "पाडू दे. ऊन तरी लागंल."

मी बाजेशी उकिडवा बसलो. तिच्या पाठीखाली एक हात गेला, गुडघ्यांखाली दुसरा. मग थांबलो. तिने माझ्याकडे बघितलं. ती किती मेंढ्यांची माय होती. मी का थांबलो ते तिला माझ्याआधी कळलं. तिने चांगला हात माझ्या मानेमागे टाकला, लुगड्याचा पदर दातांत धरला आणि मानेने खुणावलं. मी तिला पोटाशी घेतलं. पोट आता मधे आलं नाही. दम सोडला आणि पायांनी उठलो.

ती वर आली. एका कट्ट्याहूनही कमी भरत असेल, पण ते वजन नव्हतंच. आतापर्यंत मी उचललेल्या कशासारखंच ते नव्हतं. तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर वाजत होतं. बायको पुढे चालत होती, उंबऱ्यापाशी तिने आईचा डावा पाय आत घेतला. मी पावलं वळवली. एक पायरी. दुसरी. मला त्या दिसत होत्या, तरी मी टाचेने कड चाचपली, कारण उतरायची रीत मला तीच माहीत होती. तिसरी. खुर्ची.

आईने पदर दातांतून सोडला. "मेंढीचा वास यायलाय तुझ्या अंगाला," एवढंच म्हणाली.

वडील ओट्यावर बसून होते. त्यांना अंधुकच दिसलं असणार. पण त्यांनी सगळं ऐकलं होतं, माझं पाऊल, माझा श्वास. ते म्हणाले, "उजव्या पायावर जास्ती टाकायलास. गुडघ्याला बरं न्हाई ते." आणि मग काठी भिंतीला टेकवत, "बिदरला कवा जायचं?"

मी आणखी पंधरा दिवस रोज उचललं, त्यांच्यासमोर, ते हूं म्हणेपर्यंत. मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते पट्टी आणि काळा चष्मा लावून घरी आले, आणि बसून राहायची सवय नसलेला माणूस बसून राहिला. मी आईला उचललं की त्यांचे हात मांडीवर थोडे वर यायचे आणि परत खाली जायचे.

पट्टी निघाल्यानंतरची सकाळ. ते ओट्यावर होते, चष्मा नुकताच पुसून लावलेला. मी आईला घेऊन उंबरा ओलांडला आणि पहिली पायरी उतरलो. ऊन तिच्या तोंडावर पडलं. वडील एकदम उठून उभे राहिले.

"थांब," म्हणाले.

मला वाटलं माझं काही चुकलं. मी दोन पायऱ्यांवर दोन पाय ठेवून तसाच थांबलो. ते जवळ आले, आणि त्यांनी माझ्या हातातल्या आईकडे बघितलं, फार जवळून, मेंढीचे दात बघतात तसं.

"म्हातारे, तू तर पार पांढरी झालीस गं."

आई म्हणाली, "आत्ता दिसायलीय व्हय? दोन साल रोज उचलत व्हतात की."

"उचलत व्हतो," वडील म्हणाले. "दिसत कुठं व्हतीस."

"मग कुनाला उचलत व्हतात?"

वडिलांनी तिच्या कपाळावरची बट बोटाने मागे सारली आणि तिचा चेहरा बघत राहिले, भुवई, तोंडाची ओढलेली बाजू, हनुवटीवरचं गोंदण. आई काहीतरी पुटपुटली आणि तिने चेहरा त्यांच्याकडे वळवून धरला. कुणी मला खाली उतर म्हणालं नाही, आणि मला उतरायचं नव्हतं. मी आईला पोटाशी घट्ट धरून उभा होतो. पाय भक्कम होते. दम मी धरला नव्हता. त्यांना हवा तेवढा वेळ मी उभा राहू शकत होतो.